भिंतीआडचे कारागीर : सेंट लुईस, १८९१

१/ आज वायरमनला परवाना लागतो, त्याआधी उमेदवारी करावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी यांतले काहीच नव्हते. तेव्हा चुकीची किंमत जिवाने मोजावी लागे.

२/ १८९० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे भव्य प्रदर्शन भरले. विजेच्या कामासाठी ठिकठिकाणचे वायरमन तेथे जमले. तास प्रदीर्घ, मजुरी तुटपुंजी, शिक्षणाची सोय नाही.

३/ काम मात्र नाजूक. घराच्या लाकडी सांगाड्यातून दोन तारा अंतर राखून न्यायच्या, त्या चिनी मातीच्या गुट्ट्यांवर ताणायच्या. तुळईला भोक पाडले, तर त्यात चिनी मातीची नळी बसवायची. सांध्यावर तारा घासून स्वच्छ करायच्या, पीळ द्यायचा, डाख द्यायचा, वर रबरी पट्टी गुंडाळायची. सांधा सैल राहिला की तो तापतो आणि भिंतीच्या आत लाकूड पेटते.

४/ हेन्री मिलर या कारागिराने या लोकांना एकत्र आणले. २८ नोव्हेंबर १८९१ रोजी २८६ सभासदांच्या वतीने दहा प्रतिनिधींनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मिलर तिचा पहिला अध्यक्ष झाला.

५/ जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे खांबावर काम करताना विजेचा धक्का बसून तो कोसळला व मरण पावला.

६/ पुढच्याच वर्षी, १८९७ साली, अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता प्रसिद्ध झाली. तार कशी ओढावी, सांधा कसा करावा, हे आता लिखित नियम झाले. मिलरची संघटना आजही कार्यरत असून उमेदवारांना प्रशिक्षण देते.