कारवानी कुत्र्यासाठी हार्नेस निवडताना

लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी जातीच्या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबर श्वानप्रदर्शनही भरते, आणि तेथेही या उंच, सडपातळ कुत्र्यांभोवती गर्दी जमते. शेतावर राखणीसाठी व पूर्वी सशाच्या शिकारीसाठी पाळली जाणारी ही जात आता नांदेड, लातूर येथील बंगल्यांतून आणि सदनिकांतूनही दिसू लागली आहे. (वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषय आता संपलेलाच आहे.) गावात मोकळे धावणारे जनावर शहरात दोरीला बांधले जाते, आणि तेथून मालकाच्या खांद्याची व कुत्र्याच्या गळ्याची परीक्षा सुरू होते.

कारवानी नर खांद्याशी दोन फुटांहून अधिक उंच असतो. वजन साधारण २० ते ३० किलो, म्हणजे तसे फार नाही. पण हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालते. रस्त्यापलीकडे मांजर हलले की ते पहिल्या दोन-तीन झेपांतच मोठा वेग घेते. हा हिसका साध्या गळपट्ट्यावर बसला, तर सारा भार श्वासनलिका, कंठ आणि मानेच्या मणक्यांवर येतो. २६ कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गळपट्टा घालून ओढताना डोळ्यांतील दाब वाढतो, हार्नेस घालून ओढताना तो तसा वाढत नाही, असे त्यात आढळले. काचबिंदू किंवा डोळ्याची अन्य दुखणी असलेल्या कुत्र्याला म्हणूनच गळ्याने ओढू देऊ नये. दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचाही विचार हवा. सकाळी कुत्रा फिरवण्याचे काम बहुतेक घरांत ज्येष्ठांकडे असते, आणि अनपेक्षित हिसक्याने पडून खुब्याचे हाड मोडणे ही उतारवयात साधी दुखापत नव्हे.

ओढणाऱ्या जनावराचा भार कोठे पडावा, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या या मुलखात जू नीट बसले नाही तर खांदा सुजतो, हे शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते ती त्याच खांद्यांची. कुत्र्याच्या बाबतीत भार गळ्यावरून काढून छातीच्या हाडावर आणि फासळ्यांवर विभागायचा, एवढेच हार्नेसचे तत्त्व आहे.

बाजारात मिळणारे हार्नेस ढोबळमानाने दोन घडणींचे असतात. एकात छातीवरून आडवी पट्टी जाते. तो घालायला सोपा, पण ही पट्टी खांद्याच्या सांध्यावर येते आणि पुढचा पाय पूर्ण पुढे जाऊ देत नाही. दुसऱ्यात मानेच्या बुडाकडून येणाऱ्या दोन पट्ट्या छातीच्या मधोमध मिळतात व एकच पट्टी पुढच्या पायांमधून मागे जाते. समोरून त्याचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. लांब झेपा टाकणाऱ्या कुत्र्याला सर्वसाधारणपणे हाच बरा. मात्र ‘खांदे मोकळे ठेवणारा’ अशी जाहिरात वाचून निर्धास्त होऊ नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात दोन्ही घडणींच्या हार्नेसमुळे खांद्याची हालचाल घटल्याचे दिसले, आणि मोकळ्या म्हणवणाऱ्या प्रकारात ती अधिक घटली. नावापेक्षा तो विशिष्ट हार्नेस त्या विशिष्ट कुत्र्याच्या अंगावर कसा बसतो, हे महत्त्वाचे.

कारवानीच्या बाबतीत खरी अडचण बसण्याचीच आहे. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब निमुळते डोके आणि जवळजवळ डोक्याइतकीच रुंद मान, अशी त्याची ठेवण. लॅब्रॅडॉरसाठी कापलेला हार्नेस त्याला छातीशी घट्ट आणि कमरेशी ढिला होतो. फटाक्याने किंवा ट्रकच्या भोंग्याने घाबरलेले कुत्रे मागे सरकते, कोपरे आत घेते आणि दोन क्षणांत हार्नेसमधून बाहेर पडते. हमरस्त्याच्या कडेला ही गोष्ट जिवावर बेतू शकते. यावरचा उपाय म्हणजे तीन पट्ट्यांचा हार्नेस. त्यातील तिसरी पट्टी फासळ्या संपतात त्या निमुळत्या भागाभोवती येते. छाती त्याहून रुंद असल्याने कुत्र्याला मागे निसटता येत नाही. ही पट्टी आवळायची नाही, तिने केवळ वाट अडवायची. असा हार्नेस मिळेपर्यंत हार्नेसची कडी आणि गळपट्टा एका छोट्या दोरीने जोडून ठेवावा. नाव-पत्त्याचा बिल्ला गळपट्ट्यावर असावाच. फक्त ओढ त्यावर येऊ देऊ नये.

खरेदीला जाताना कुत्र्याचे वजन सांगून चालत नाही. शिंप्याच्या टेपने मानेच्या बुडाचा घेर, पुढच्या पायांमागे छातीच्या सर्वांत खोल भागाचा घेर आणि त्या दोहोंमधील पाठीची लांबी अशी तीन मापे उभ्या कुत्र्यावर घ्यावीत. पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत, पण मूठ जाऊ नये. छातीभोवतीची पट्टी कोपरापासून तीन-चार बोटे मागे हवी. काखेत घासणारी पट्टी या जातीत हमखास जखम करते, कारण कारवानीची कातडी पातळ आणि केस अगदी आखूड असतात. पश्मीच्या लांब केसांखाली अशी जखम उशिरा दिसते, तेव्हा तेथे हात फिरवून पाहावे. शक्य असल्यास कुत्र्यालाच दुकानात न्यावे आणि हार्नेस घालून त्याला दहा-वीस पावले चालवून, बसवून, वळवून बघावे. तयार मापात काहीच बसत नसेल, तर पट्टे शिवणाऱ्या कसबी कारागिराकडून मापाप्रमाणे शिवून घेणे हा मार्ग उरतो आणि पुष्कळदा तोच सर्वांत चांगला ठरतो.

दोरी कोठे अडकवायची, यावर ओढ किती आवरेल ते ठरते. पाठीवरची कडी कुत्र्याला आरामाची असते; पण बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही मागूनच जोडलेले असते, हे लक्षात घ्यावे. अशा कडीवर ताकदवान कुत्रा सुखाने ओढत राहतो. छातीवरची कडी वापरली, तर जोर लावताच त्याचे अंग बाजूला वळते आणि ओढण्यातील फायदा कमी होतो. दोन्ही कड्या असलेला हार्नेस व दोन टोकांना हुक असलेली दोरी ही जोडी सर्वांत उपयोगी. ओढताच काखेत किंवा छातीवर आवळणारे हार्नेस वेदनेच्या जोरावर काम करतात. ते घेऊ नयेत. आवळणारी साखळी आणि आतून काटे असलेला पट्टा यांना तर घरात जागाच नसावी. तोंडावर घालायचा पट्टा काही कुत्र्यांना मानवतो. परंतु अचानक झेप घेणाऱ्या लांब मानेच्या कुत्र्याची मान त्यामुळे पिरगळू शकते. आपोआप लांबणारी दोरीही टाळावी. कुत्र्याला वेग घेण्यास तीच जागा देते, आणि हिसका पूर्ण वेगाचा बसतो.

कापडाबाबत हवामानाचा विचार आधी करावा. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते. पाठ-पोट झाकणारे जाड गादीचे हार्नेस अशा दिवसांत त्रासच देतात. रुंद, मऊ कडांच्या पट्ट्या आणि घासणाऱ्या जागीच पातळ अस्तर, एवढे पुरे. नायलॉन टिकते, पण त्याच्या कडा धारदार असतात; सुती नवार मऊ असली तरी पावसात लवकर वाळत नाही; चामडे तेलपाणी मागते. कडी जोडावर सांधलेली असावी, नुसती वाकवलेली तार नको. पावसाळ्यात काळी माती बकलात शिरून वाळली की ते पूर्ण मिटत नाही, म्हणून धुऊन, दाबून, ओढून पाहावे. शेतातून फिरून आल्यावर हार्नेस काढून कुसळे, गोखरू आणि गोचीड शोधावेत. रात्री हार्नेस अंगावर ठेवू नये.

हार्नेस ओढ सुसह्य करतो, सवय मोडत नाही. ओढले की पुढे जाता येते, हे कुत्रे फार लवकर शिकते. म्हणून दोरी ताणली की थांबावे, सैल झाली की चालावे आणि अधूनमधून खाऊ द्यावा. हे घरातील सर्वांनी सारखेच पाळले नाही, तर आठवड्याची मेहनत एका फेरीत वाया जाते. शिवाय धावण्यासाठीच घडलेल्या जनावराला अर्ध्या तासाची दोरीची फेरी पुरत नाही. कुंपण असलेल्या शेतात किंवा मोकळ्या आवारात त्याला हार्नेस काढून पळू द्यावे. मन भरून धावलेले कुत्रे रस्त्यावर कमी ओढते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे मानले आहेत. ही दुसरी तरतूद फारच थोड्या पालकांना माहीत असते.

जानवळहून किंवा माळेगावच्या यात्रेतून पिल्लू आणणाऱ्यांनी पहिल्या वर्षासाठी महागडा हार्नेस घेऊ नये. कारवानीचे पिल्लू झपाट्याने वाढते आणि त्याची छाती तर उंचीनंतरही भरत राहते. साधा, सर्व बाजूंनी सैल-घट्ट करता येणारा हार्नेस घेऊन दर पंधरवड्याला मापे तपासावीत. सुरुवातीचे काही दिवस तो जेवणाच्या वेळी पाच-दहा मिनिटे घालावा व दोरी नंतरच जोडावी.