तळटीप २३ : ‘नेत्रा’चा परवाना

२३. नेत्रा : चष्म्याचा नंबर मोबाइल फोनवर काढण्याचे तंत्र. मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमधील त्यांचे सहकारी यांनी ते २०१० साली सिग्राफ परिषदेत मांडले. फोनच्या पडद्यावर भिंग बसवून डोळा लावायचा आणि आत दिसणाऱ्या दोन रेषा बटणे दाबत एकमेकींवर आणायच्या. त्या किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर ठरतो. महागडे यंत्र लागत नाही, आणि जिथे नेत्रतपासणीच पोचत नाही अशा गावांसाठी याचे मोल फार मोठे आहे. या तंत्रावर ‘आयनेत्रा’ ही कंपनी उभी राहिली.

स्वतःच लावलेल्या शोधासाठी परवाना कशाला, असे वाचकाला वाटेल. विद्यापीठाचा पैसा आणि साधने वापरून लागलेल्या शोधाचे पेटंट सहसा विद्यापीठाच्या नावावर असते. संशोधकाने कंपनी काढली तरी तिला विद्यापीठाशी करार करून स्वामित्वशुल्क द्यावे लागते. त्यातला वाटा संशोधकालाही मिळतो. अमेरिकेत सरकारी निधीतून लागलेल्या शोधांवर विद्यापीठांना असा हक्क १९८०च्या बे-डोल कायद्याने दिला. त्याच धर्तीचे विधेयक आपल्याकडे २००८ साली राज्यसभेत आले, पण २०१४ मध्ये मागे घेतले गेले. ते रेंगाळत ठेवण्याऐवजी सुधारून मंजूर व्हायला हवे होते.

पुढच्या परिच्छेदातील ‘कुंभथॉन’ हा २०१५च्या नाशिक सिंहस्थाच्या निमित्ताने रासकरांच्याच पुढाकाराने झालेला वेगळा उपक्रम. — संपा.