दुसऱ्या डोसची तारीख



आमच्या बचत गटाच्या पेटीत 2021 सालची एक वही आहे. पुढच्या पानांवर नेहमीचा हिशोब: बचतीचे हप्ते, कर्जाची परतफेड, बैठकीला कोण आले आणि कोण नाही. वही उलटी करून मागून उघडली, की दुसराच हिशोब लागतो. डावीकडे सभासदांची नावे, मग 'पहिला डोस', मग 'दुसरा डोस'. त्या दिवसांत बैठका बंद होत्या, म्हणून सचिवताईंनी फोनवर विचारून विचारून हे रकाने भरले होते. पहिल्या डोसच्या तारखा सरळ लिहिल्या आहेत. दुसऱ्या रकान्यात मात्र सगळी खाडाखोड. एका नावापुढे 17 मे लिहून खोडले आहे, मग 28 जून लिहून तेही खोडले आहे, आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात 9 जुलै असे आहे.

गावात तेव्हा एक बोल सर्रास ऐकू यायचा. 'बायकांना धीर नाही. एक सुई घेतली, ताप आला, दुसरीला फिरकल्याच नाहीत.' आमची वही वेगळे सांगते. म्हणून आज आम्ही दुसऱ्या डोसचा इतिहास सांगायला बसलो आहोत. तारीख कोणी ठरवली, ती का बदलली, आणि उशीर नेमका कोणाचा झाला, ते एकदा नीट समजून घेऊ.

दोन सुयांची गोष्ट कोरोनाने आणलेली नाही. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ 1893 साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. त्यांची लस दोन वेळा टोचायची होती. आधी सौम्य केलेल्या जंतूंची, आणि काही दिवसांनी जास्त जोरकस जंतूंची. पुढे 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा तेच हाफकिन मुंबईला आले आणि प्लेगची लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे एकदा टोचलेल्या माणसाने ठरल्या दिवशी परत यायचे, हे काम आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

आपल्या घरातले त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे गरोदरपणातले धनुर्वाताचे इंजेक्शन. आपल्या आज्या-सासवांच्या काळात घरीच बाळंतपण व्हायचे, नाळ विळ्याने नाहीतर ब्लेडने कापली जायची, आणि कित्येक बाळे धनुर्वाताने पहिल्याच काही दिवसांत जायची. त्यावर उपाय म्हणून आईलाच दोन इंजेक्शने द्यायची पद्धत आली. दिवस गेल्याचे कळले की पहिले, आणि त्यानंतर चार आठवड्यांनी दुसरे. 1985 पासून देशभर सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, नाळेची स्वच्छता आली. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात दूर झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे लाखो बायांची उपकेंद्राची दुसरी फेरी आहे. पोटात बाळ, उन्हातली पायपीट, आणि रोज बुडालेला. तरी त्या गेल्या.

आता दोन डोसांमध्ये अंतर का ठेवतात ते पाहू. पहिला डोस शरीराला आजाराची ओळख करून देतो. ती ओळख मुरायला काही आठवडे लागतात. ती मुरल्यावर दुसरा डोस दिला की शरीर जोरात तयारी करते आणि ती जास्त दिवस टिकते. शेतातल्या पाण्याच्या पाळीसारखेच हे. आज पाणी दिले आणि उद्या लगेच परत दिले तर पिकाला त्याचा फायदा नाही. पण एक फरक लक्षात ठेवा. पाण्याची पाळी फार चुकली तर पीक वाळते. डोसाची तारीख चुकली म्हणून पहिला डोस वाया जात नाही. तो शरीरात आपले काम करून बसलेला असतो. उशिराने दुसरा घेतला तरी हिशोब पुढेच चालू राहतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. धोका असतो तो मधल्या दिवसांत, कारण तेव्हा संरक्षण अर्धवट असते.

आता वहीकडे येऊ. 16 जानेवारी 2021 रोजी देशात कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली. आधी आरोग्य कर्मचारी, मग 1 मार्चपासून साठीच्या पुढचे आणि आजार असलेले पंचेचाळिशीपुढचे, 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे. लसी मुख्यतः दोन होत्या. पुण्यात तयार होणारी कोविशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन. सुरुवातीला दोन्हींचे अंतर चार ते सहा आठवडे होते. 22 मार्चला केंद्र सरकारने राज्यांना कळवले की कोविशील्डचा दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी द्यावा. 13 मे रोजी ते अंतर पुन्हा वाढले आणि बारा ते सोळा आठवडे झाले. कोव्हॅक्सिनचे अंतर मात्र तेच राहिले.

आमच्या त्या सभासदाने 5 एप्रिलला कोविशील्डचा पहिला डोस घेतला होता. सहा आठवड्यांनी ये, असे तेव्हा सांगितले होते. 17 मेला ती केंद्रावर गेली. एसटी जवळजवळ बंद, म्हणून दीराच्या मोटारसायकलवर, दीराचा रोज मोडून. तिथे कळले की चारच दिवसांपूर्वी नियम बदलला आहे आणि 84 दिवस भरल्याशिवाय कॉम्प्युटर नाव घेत नाही. म्हणून 28 जून. त्या दिवशी गेली तर लसच आली नव्हती. 9 जुलैला पहाटे साडेपाचला रांगेत उभी राहिली तेव्हा कुठे सुई मिळाली. तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन वाया गेल्या. अशा बाईला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग अंतर वाढवणे चूक होते का? इथे घाई न करता दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. कोविशील्ड ही ऑक्सफर्डला शोधलेली लस. तिच्या चाचण्यांचे आकडे फेब्रुवारी 2021 मध्ये छापून आले. दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर लस सुमारे 55 टक्के प्रभावी, आणि बारा आठवडे किंवा जास्त अंतर असेल तर सुमारे 81 टक्के. म्हणजे लस नसती तर जिथे शंभर जणी आजारी पडल्या असत्या, तिथे कमी अंतराने 45 आणि जास्त अंतराने 19 पडतील. शिवाय लस कमी असताना दुसरा डोस पुढे ढकलला की तीच लस आणखी लोकांना पहिला डोस म्हणून देता येते. ब्रिटनने याच विचाराने डिसेंबर 2020 च्या अखेरीला अंतर बारा आठवड्यांपर्यंत नेले होते.

पण तोवर रोगाने रूप बदलले होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घराघरात शिरलेला डेल्टा आला होता. ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसले, की याच लसीचा एकच डोस डेल्टाच्या आजारापुढे जेमतेम 30 टक्के चालतो आणि दोन डोस सुमारे 67 टक्के. त्यामुळे मे महिन्यातच, आपण अंतर वाढवत होतो तेव्हा, ब्रिटनने पन्नाशीपुढच्या लोकांसाठी ते कमी करून आठ आठवड्यांवर आणले. आपल्याकडच्या सल्लागार गटातल्या काही शास्त्रज्ञांनीही नंतर सांगितले की बारा आठवड्यांपर्यंतचा आधार होता, त्यापुढच्या सोळापर्यंतचा तसा नव्हता. पुढे मार्च 2022 मध्ये सल्लागार गटाने कोविशील्डचे अंतर आठ ते सोळा आठवडे करावे अशी शिफारस केली.

यातून आम्ही एवढेच घेतो. विज्ञानाचा नियम नवी माहिती आली की बदलतो, त्यात लाज नाही. मात्र बदललेला नियम रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत वेळेवर पोहोचवणे, हे ज्याने नियम बदलला त्याचे काम आहे. ते झाले नाही तर उशिराचा दोष तिच्या माथी मारू नये.

आणि नियम एकच नव्हता. लसच पुरत नव्हती. मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने 18 ते 44 वयाच्या लोकांचे लसीकरण थांबवले आणि त्यांच्यासाठीचा साठा पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवला. दुसरी अडचण मोबाईलची. 18 ते 44 वयाच्या लोकांना सुरुवातीला कोविन पोर्टलवर नाव नोंदवल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि ते पोर्टल मराठीत आले जूनमध्ये. ज्या घरात एकच फोन आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथल्या बाईच्या ओटीपीचे काय होणार? तिसरी अडचण आजारपणाची. पहिल्या डोसानंतर कोरोना झाला तर बरे झाल्यावर तीन महिने थांबा, असा नियम मे महिन्यात आला. आमच्या वहीत दोघींपुढे 'आजारी, ऑगस्टनंतर' असे लिहिले आहे. गरोदर बायांना तर 2 जुलै 2021 पर्यंत लस घ्यायची परवानगीच नव्हती. 2021 च्या मध्यात देशात लस घेतलेल्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कमी होत्या, त्यामागे ही सगळी कारणे आहेत.

एक सवलत मात्र झाली. शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना, आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्या खेळाडूंना, 28 दिवसांनंतर कोविशील्डचा दुसरा डोस देण्याचा नियम जूनमध्ये निघाला. त्यांची अडचण खरी होती, ते योग्यच झाले. पण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी बाईही ठरल्या तारखेला गावात नसते. तिच्या तारखेचा विचार करणारा असा नियम आमच्या वाचनात आला नाही.

वर्षाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. लस मुबलक झाली. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात 'मिशन कवच कुंडल' मोहीम झाली. 21 ऑक्टोबरला देशातल्या डोसांची संख्या शंभर कोटींवर गेली. त्याच सुमारास असेही दिसले की दहा कोटींहून अधिक लोकांची दुसऱ्या डोसाची मुदत उलटून गेली आहे. मग नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' सुरू झाले. आशाताई आणि नर्सबाई यादी घेऊन वस्त्यांवर, शेतात, भट्ट्यांवर गेल्या. आमच्या वहीतल्या शेवटच्या चार नावांपुढे तारखा चढल्या त्या तेव्हा. ज्या बाया सहा महिने केंद्रावर 'आल्या नाहीत', त्यांना दारात लस आल्यावर दहा मिनिटेही लागली नाहीत.

हा इतिहास आज का सांगायचा? कारण दुसऱ्या डोसाची खोट लगेच दिसत नाही, ती नंतर बाहेर पडते. कोरोनाच्या गडबडीत पुष्कळ बाळांचे नेहमीचे डोस राहून गेले. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात आणि राज्यात इतरत्र गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. बाळ दीड वर्षाचे झाले की ते पळायला लागते, आई परत कामाला लागते, आणि नेमका हाच डोस विसरला जातो.

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगतो.

लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा. कामासाठी गाव सोडताना ते सोबत न्या, कारण जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मिळतो. गटाच्या वहीत दर महिन्याला एक पान गरोदर बायांच्या आणि बाळांच्या तारखांसाठी ठेवा. बैठकीत हप्ता विचारतो तशी तारीखही विचारा.

तारीख उलटली असेल तर लाजून घरी बसू नका. उशीर झाला तरी जा. काही लसींना वयाची मर्यादा असते, म्हणून कार्ड दाखवून नर्सबाईंना विचारा. कोणी ओरडले तर ओरडू द्या, डोस घेऊन या. मात्र ठरलेल्या अंतराच्या आधी डोस मागू नका.

एका ठिकाणी मात्र उशीर अजिबात चालत नाही: कुत्रा चावल्यावर. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. तो दिवस शून्य धरून पुढे तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा तारखा सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी देतात. त्यातली एकही चुकवू नका. तिथे एक-दोन डोसांवर थांबणे जिवावर बेतते.

आमची ती वही आम्ही जपून ठेवली आहे. पुढे कोणी म्हणाले की बायका दुसऱ्या डोसाला आल्या नाहीत, तर मागचे पान उघडून दाखवू. 17 मेला ती आली होती. 28 जूनलाही आली होती. 9 जुलैला पहाटे साडेपाचला रांगेत तिचा नंबर सातवा होता.

तुमच्या गटातही अशा खोडलेल्या तारखा असतील. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा आणि लिहून ठेवा. घरी गेल्यावर बाळाचे कार्ड तेवढे बाहेर काढून पाहा.