गंधक गेलं, बाटली आली

बंदराचं तोंड शंभरेक मीटरवर आलंय. एका बाजूला दगडी बांध, लाटा आखूड आणि उंच, शीड नुकतंच उतरवलेलं. इंजिन दोनदा खोकतं आणि थांबतं. जुन्या शिडाच्या बोटी बाळगणारी माणसं वादळापेक्षा या क्षणाला जास्त घाबरतात, कारण वादळात निदान शीड तरी हाताशी असतं. शिवाय हे घडतं ते बहुतेकदा इथेच. बंदराच्या तोंडाशी बोट जोरात हेलकावते, वर्षभर टाकीच्या तळाशी निपचित पडलेला गाळ ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबतो.

अशा बोटीत इंजिनाशेजारच्या कप्प्यात डोकावलंत तर एक प्लास्टिकची बाटली हमखास सापडेल: डिझेल ऍडिटिव्ह. टाकी भरताना झाकणभर ओतायचं. कुणाचा तिच्यावर देवासारखा विश्वास असतो, तर कुणी तिला शुद्ध फसवणूक म्हणतं. मला उत्सुकता होती ती वेगळीच. ही बाटली तिथे आली कुठून? शोधत गेलं की गोष्ट समुद्रापासून बरीच दूर, स्वीडनच्या तळ्यांपर्यंत जाते.

आधी इंजिनाबद्दल थोडं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी शीडबोटींवर पेट्रोलची इंजिनं सर्रास असत. अमेरिकेतलं ‘ॲटॉमिक फोर’ हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९४७ साली आलेलं हे इंजिन १९८० च्या दशकापर्यंत बनत होतं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळात साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. डिझेलमध्ये ही भीती बरीच कमी, म्हणून हळूहळू डिझेलने जागा घेतली: स्वीडनचं व्होल्वो पेंटा, जपानचं यानमार, इंग्लंडचं पर्किन्स. पर्किन्सचं ४.१०८ तर इतकं पसरलं की आजही जुन्या बोटींत ते धडधडताना दिसतं.

ही इंजिनं ओबडधोबड आणि चिवट, पण त्यांचा एक अवयव फार नाजूक: इंजेक्शन पंप. त्यातला दांडा आणि त्याची नळी यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. इतक्या बारीक फटीत वेगळं वंगण शिरणार कसं? तिथे वंगणाचं काम डिझेलच करतं. काही पंपांत निदान खालच्या कॅमला इंजिनाचं तेल मिळतं, पण ४.१०८ वर असतो तसल्या फिरत्या पंपात सगळीच भिस्त डिझेलवर. डिझेल जळण्याआधी वंगण म्हणून राबतं, हे इंजिन बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आणि गृहीत धरलेली गोष्ट सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

आता स्वीडन. १९६७ साली स्वान्ते ओदेन या मृदाशास्त्रज्ञाने एका स्वीडिश दैनिकात लेख लिहिला. परदेशातल्या धुरांड्यांतून उडालेलं गंधक आमच्याकडे आम्ल होऊन पावसात पडतंय, तळी आंबट होतायत, मासे मरतायत, असं त्यात होतं. १९७२ साली स्टॉकहोमला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत स्वीडनने हाच प्रश्न जगापुढे मांडला. गंधक बदनाम झालं ते तिथून. शहरांतला डिझेलचा धूरही मग रडारवर आला. १९९१ साली स्वीडनने करात सवलत देऊन एक नवं डिझेल बाजारात आणलं. त्यात गंधक होतं दहा लाख भागांत जेमतेम दहा भाग. त्याच काळात अमेरिकेतल्या डिझेलमध्ये हजारो भाग गंधक चालत होतं.

हवा सुधारली, आणि पंप मरू लागले.

नवं डिझेल वापरणाऱ्या गाड्यांचे फिरते पंप अचानक झिजून निकामी होऊ लागले. लोकांनी सोपा निष्कर्ष काढला: गंधक वंगण होतं, ते काढलं म्हणून असं झालं. धक्क्यावर आजही हेच ऐकू येतं. खरं कारण किंचित वेगळं आहे. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर मोठ्या दाबाखाली हायड्रोजन सोडतात. त्या झपाट्यात गंधकाबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली काही संयुगंही नाहीशी होतात. ही संयुगं धातूला चिकटून एक अदृश्य साय धरत. पंप वाचत होता तो त्या सायीमुळे. चोर पकडायला गेलेल्या पोलिसांनी शेजारच्या वॉचमनलाही उचलून न्यावं, तसं झालं.

उपाय मात्र झटपट सापडला आणि तो फार साधा होता. अशीच चिकटणारी संयुगं, अगदी अल्प प्रमाणात, डिझेलमध्ये परत घालायची. किती घालायची हे ठरवायला एक चाचणी आली, तिचं मला फार कौतुक वाटतं. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी, तिच्यावर दोनशे ग्रॅमचा भार, खाली पोलादी चकती आणि साठ अंश तापमानाचं डिझेल. ती गोळी सेकंदाला पन्नास वेळा, एक मिलिमीटर अंतरात, सव्वा तास घासायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरचा ओरखडा मोजायचा. युरोपात तो ४६० मायक्रॉनच्या आत हवा, अमेरिकेत ५२०. म्हणजे आज पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ऍडिटिव्ह आधीच घातलेलं असतं. बोटीतली बाटली हा त्यावरचा दुसरा डोस.

अमेरिकेने १९९३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक पाचशे भागांवर आणलं, तेव्हा आणखी एक गंमत झाली. खास करून कॅलिफोर्नियात जुन्या इंजिनांचे पंप गळू लागले. जुनी रबरी सील वर्षानुवर्षं डिझेलमधले ऍरोमॅटिक घटक पिऊन फुगलेली होती. नव्या डिझेलमध्ये ते घटक कमी, म्हणून रबर आकसलं. अंगावरचा स्वेटर धुतल्यावर आटावा तसं. त्यावर बाटली चालत नाही, सील बदलावीच लागतात.

युरोपात हौशी बोटींना हे शुद्ध डिझेल सक्तीचं झालं ते २०११ च्या जानेवारीत, रस्त्यांनंतर. आणि मग खरी पंचाईत झाली. कारण एव्हाना डिझेलमध्ये वनस्पती तेलापासून केलेलं बायोडिझेलही मिसळलं जात होतं, सात टक्क्यांपर्यंत. बायोडिझेल वंगण म्हणून उत्तम. एक-दोन टक्के असलं तरी पंपाची चिंता मिटते. पण ते पाणी धरून ठेवतं. रोज धावणाऱ्या ट्रकची टाकी रिकामी होते, पुन्हा भरते, त्याला काही फरक पडत नाही. शीडबोटीचं इंजिन वर्षाकाठी पन्नास-शंभर तास चालतं. अर्धी भरलेली टाकी हिवाळाभर गारठते, आतल्या भिंतींवर दव धरतं, पाणी तळाशी उतरतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर बुरशी वाढते.

या बुरशीचाही इतिहास आहे. हॉर्मोकोनिस रेझिने ही तिची एक प्रसिद्ध जात. ती आधी माहीत होती क्रिओसोट फासलेल्या लाकडावर वाढणारी म्हणून. जेट विमानं आली तशी ती त्यांच्या रॉकेलसारख्या इंधनाच्या टाक्यांत दिसू लागली आणि १९६० च्या दशकात विमान उद्योगाने तिच्यासाठी बोरॉनयुक्त जंतुनाशकं वापरात आणली. तीच पुढे बोटींवर आली. म्हणजे कप्प्यात दुसरी बाटली. जंतुनाशक बुरशी मारतं, पण मेलेली बुरशी कुठे जाणार? ती तळाशी बसते, आणि बंदराच्या तोंडाशी फिल्टरमध्ये येते.

तिसरी बाटली पाण्यासाठी. इथे दोन परस्परविरोधी पंथ आहेत. काही द्रव्यं पाण्याचे थेंब डिझेलमध्ये विरघळवल्यासारखे करून इंजिनातून जाळून टाकायला निघतात. काही उलट पाणी वेगळं करून तळाशी बसवतात, म्हणजे ते काढून टाकता येतं. दोन्ही एकाच टाकीत ओतणारे महाभाग असतात. पहिल्या पंथाशी माझं जमत नाही. मायक्रॉनच्या फटीत पाणी पाठवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

हे सगळं वाचून जुन्या डिझेलबद्दल हळवं होऊ नका. ते गंधक जळून आम्ल होई आणि सिलिंडरच्याच भिंती खाई. त्यासाठी इंजिन ऑइलमध्ये अल्कली मिसळावी लागे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक पन्नास भागांवरून दहावर. मुंबईच्या रस्त्यावर श्वास घेणाऱ्या कुणी त्याबद्दल तक्रार करू नये. हौशी शीडबोटी आपल्याकडे मोजक्याच, पण उभ्या टाकीचा प्रश्न कोकणात अनोळखी नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर किनाऱ्यावर येतात, ताडपत्री चढते आणि ऐन पावसाच्या दमट हवेत टाकीत राहिलेलं डिझेल तसंच बसून राहतं.

तेव्हा मला विचाराल तर जुन्या फिरत्या पंपाला वंगणाचं झाकण जरूर द्या, महाग नाही. जंतुनाशक बुरशी दिसली तरच. बाकी बाटल्यांचे पैसे वाचवून एक हातपंप आणि काचेची बरणी घ्या. पंपाची नळी टाकीच्या अगदी तळापर्यंत सोडायची, लिटरभर उपसायचं आणि बरणी उजेडात ठेवून दहा मिनिटं थांबायचं. वर सोनेरी डिझेल, खाली पाणी, आणि मधे कधीकधी एक काळसर, लोंबकळणारा पडदा.