एक विश्व, अनेक मालिका : विज्ञानकाल्पनिकेचा रसिक आणि मराठी वाचनेतिहासातील एक रिकामे दालन

वाङ्मयेतिहास लिहिताना लेखक, ग्रंथ, प्रकाशनवर्ष आणि वाङ्मयप्रकार यांची नोंद ओघाने होत जाते. वाचकाची नोंद मात्र मुद्दाम करावी लागते. हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन अभ्यासकाने १९६७ साली कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात वाचकाच्या ‘अपेक्षा-क्षितिजा’चा विचार मांडला. कृतीचे मूल्य तिच्या संहितेत जसे असते, तसेच ती ज्या अपेक्षांना सामोरी जाते त्या अपेक्षांशी असलेल्या तिच्या नात्यातही असते, हे त्याचे प्रतिपादन. या विचाराची कसोटी बहुधा प्रतिष्ठित कृतींवर घेतली जाते. जनप्रिय साहित्याचा आणि दृश्यमालिकांचा रसिक मात्र ‘केवळ रंजन शोधणारा’ ठरवून अभ्यासाबाहेर ठेवला जातो. तो खरोखर इतका निष्क्रिय असतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एकाच कल्पित विश्वातील निरनिराळ्या मालिकांची तुलना करणाऱ्या रसिकांचा इतिहास उपयोगी पडतो. त्या इतिहासाच्या प्रकाशात मराठीतील एक उणीवही स्पष्ट दिसू लागते.

या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचे आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्मिलेल्या या मालिकेचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झाला. प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मालिका बंद होणार अशी चिन्हे दिसू लागताच बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने रसिकांना वाहिनीकडे पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. हजारो पत्रे आली आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला प्रक्षेपणातूनच करावी लागली. तरीही तिसऱ्या वर्षानंतर, १९६९ साली, ७९ भागांवर ती थांबली. पुढे स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांनी तिचा खरा प्रेक्षकवर्ग घडवला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे रसिकांचे जे संमेलन भरले, त्याला आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक लोटले. १९७६ साली अमेरिकेच्या स्पेस शटलच्या पहिल्या चाचणी-प्रतिकृतीला ‘एन्टरप्राइझ’ हे मालिकेतील यानाचे नाव मिळाले, तेही रसिकांच्या पत्रमोहिमेमुळेच.

या रसिकांनी पत्रांबरोबर नियतकालिकेही काढली. ‘स्पॉकॅनालिया’ हे त्यांतील पहिले, १९६७ सालचे. चक्रमुद्रित पानांवर कथा, पत्रे, चित्रे आणि परीक्षणे छापून ती टपालाने वाटली जात. या लेखनात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी अशाच एका नियतकालिकात एक छोटी विडंबनकथा लिहिली. सर्वगुणसंपन्न, सर्वांची लाडकी आणि म्हणूनच अविश्वसनीय अशी तिची नायिका ‘मेरी सू’ पुढे पाश्चात्त्य समीक्षेच्या बोलीभाषेत एक संज्ञा होऊन बसली. रसिकांच्या घरगुती चर्चेतून समीक्षेची परिभाषा निर्माण होऊ शकते, याचा हा बोलका पुरावा आहे.

तोपर्यंत मात्र तुलनेला विषय एकच होता : कोणता भाग सरस आणि कोणता नीरस. सप्टेंबर १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका आली आणि तुलनेचे स्वरूपच पालटले. जुन्या मालिकेचा कर्णधार कर्क हा साहसी, प्रसंगी नियम मोडणारा. नवा कर्णधार पिकार्ड हा चिंतनशील, वाटाघाटींवर भिस्त ठेवणारा. आरंभी अनेक जुन्या रसिकांना हा वारसदार मान्य नव्हता. सात वर्षांनी, १९९४ साली, ही मालिका संपली तेव्हा तीच अनेकांच्या दृष्टीने या विश्वाचा मानदंड बनली होती. ‘डीप स्पेस नाइन’ १९९३ साली सुरू झाली, तेव्हा आक्षेप निघाला तो याच मानदंडाच्या आधारे. हे कथानक यानाऐवजी एका स्थिर अवकाशस्थानकावर घडत होते. प्रवास नाही, तर ही ‘ट्रेक’ कसली, असा प्रश्न विचारला गेला. ‘व्हॉयेजर’ने १९९५ मध्ये कॅथरिन जेनवे ही स्त्री-कर्णधार प्रथमच मालिकेच्या केंद्रस्थानी आणली. ‘एन्टरप्राइझ’ २००१ साली आली आणि चार वर्षांतच थांबली. २०१७ पासून ‘डिस्कव्हरी’ने सुरू केलेल्या नव्या पर्वातही नाके मुरडण्याचा हाच क्रम दिसला.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा वाद वाटतो. बारकाईने पाहिल्यास त्यात तीन निराळे निकष एकमेकांत गुंतलेले आढळतात.

पहिला निकष प्रथम परिचयाचा. ज्या वयात, ज्या मालिकेतून या विश्वात प्रवेश झाला, ती मालिका रसिकाला मूळ वाटते आणि इतर सर्व पाठभेद. पिढ्यांमधील मतभेदाचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी इथे मिळते. दुसरा निकष निष्ठेचा. रॉडनबेरी यांच्या कल्पनेतील भविष्यकाळी माणूस लोभ आणि द्वेष यांच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून यानावरील सहकाऱ्यांत परस्परवैर दाखवू नये, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘डीप स्पेस नाइन’च्या लेखकांनी परक्या संस्कृतींतील पात्रे स्थानकावर आणून संघर्षाला वाट करून दिली आणि पुढे दीर्घ युद्धाचे कथानक रचले. आदर्श समाजाला युद्धकाळात आपली तत्त्वे सांभाळता येतात काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. काहींना हा मूळ आशयाचा भंग वाटला, तर काहींना त्याची खरी परीक्षा. तिसरा निकष रचनेचा. प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असावा, की अनेक भागांतून एकच कथासूत्र चालावे? ‘डीप स्पेस नाइन’ची प्रतिष्ठा नंतरच्या काळात वाढली, यामागे सलग कथानकाची सवय झालेला नवा प्रेक्षक हे एक महत्त्वाचे कारण आहे. कृती तीच राहिली. तिच्याकडे पाहणाऱ्याचे क्षितिज सरकले.

मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये. एकच महाभारत व्यासांचे, मुक्तेश्वरांचे आणि मोरोपंतांचे असू शकते, आणि त्यांतले कोणते अधिक भावले हे सांगताना श्रोता स्वतःची अभिरुचीच सांगत असतो. वारसा कोणी राखला आणि कोणी वळवला, हा वाद परंपरा जिवंत असल्याचेच लक्षण असतो.

योगायोग असा की ज्या वर्षी ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली, त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. मराठीत विज्ञानकाल्पनिका त्यापूर्वीही होती. ‘केरळ कोकिळ’ मासिकाने १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे मराठी रूप छापण्यास आरंभ केला होता. परंतु या प्रकाराला स्थिर व्यासपीठ दिले ते परिषदेने १९७० पासून घेतलेल्या विज्ञानकथास्पर्धेने. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पारितोषिक मिळाले आणि हे लेखक म्हणजे आद्याक्षरे उलटी करून लिहिणारे जयंत विष्णू नारळीकर, हे नंतर उघड झाले. दुर्गा भागवत यांनी १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे आदींनी हा प्रवाह रुंद केला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रवाहाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांच्या आधाराने वाढल्यामुळे मराठी विज्ञानकथा मुख्यतः सुट्या कथेच्या रूपात राहिली. एका कथेतील जग त्या कथेबरोबरच संपे. वाचकाला परतून जाता येईल, ज्याचे नकाशे पाठ करता येतील, ज्याच्या दोन कालखंडांची तुलना करता येईल, असे सलग विश्व या प्रवाहाने क्वचितच उभे केले. साहजिकच चर्चा झाली ती ‘यात विज्ञान किती आणि साहित्य किती’ या प्रश्नाभोवती. तो समीक्षकाचा प्रश्न आहे. ‘यातले तुझे कोणते’ हा रसिकाचा प्रश्न इथे फारसा उद्भवलाच नाही.

तो प्रश्न मराठीत अन्यत्र विचारला जात होता. बाबुराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू, झुंजार, काळापहाड अशा निरनिराळ्या नायकांच्या मालिका एकाच लेखकाच्या नावाखाली वर्षानुवर्षे चालल्या. धनंजयाचा वाचक आणि काळापहाडाचा वाचक यांच्या न्यायाच्या कल्पना वेगळ्या होत्या : एकाला कायद्याच्या बाजूने लढणारी बुद्धी हवी होती, तर दुसऱ्याला कायद्याच्या कुंपणावरून उडी मारणारे धाडस. नारायण धारप यांच्या वाचकाला ‘समर्थां’च्या भयकथा आणि धारपांच्याच विज्ञानकाल्पनिका यांत निवड करता येत होती. भा. रा. भागवत यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ अशी व्हर्नची रूपांतरे मुलांच्या हाती दिली आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात ‘फास्टर फेणे’, हा स्वतंत्र नायकही दिला. फेणेची वीस पुस्तके झाली. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी आणि २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ यांनी तो साकारला. पुस्तकातला फेणे, दूरदर्शनवरचा फेणे आणि मोबाइलच्या काळातला तरुण फेणे यांत खरा कोणता, हा वाद पिकार्ड आणि कर्क यांच्या वादाहून जातीने वेगळा नाही.

याच सुमारास दृश्यमाध्यमातील विज्ञानकाल्पनिकाही मराठी घरांत पोहोचली. १९८० च्या दशकात दूरदर्शनने ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका दाखवली. त्यानंतर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९९८ मध्ये केतन मेहता दिग्दर्शित, मिलिंद सोमण यांची भूमिका असलेली ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिका आल्या. अमेरिकी प्रेक्षकाला वीस वर्षांपूर्वीची वाटणारी कृती भारतीय मुलाला ताजी होती. परिचयाचा क्रम बदलला की अभिरुचीची उतरंडही बदलते. म्हणून परदेशी रसिकांची मते येथील रसिकाला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाच्या बाबतीत तर ही गुंतागुंत आणखी वाढते. बेंगळुरूच्या उत्तरेस, हवाई दलाच्या तळामुळे आणि १९९६ पासून भरणाऱ्या विमानप्रदर्शनामुळे ज्या येलहंक्याच्या आकाशात विमाने नित्याची झाली, तेथील मराठी मुलाला फुरसुंगी हे गाव पुस्तकातच भेटणार. त्याच्या दृष्टीने भागवतांचे पुणे हेही ‘एन्टरप्राइझ’इतकेच कल्पित विश्व असू शकते, आणि त्या विश्वाची भाषा ही त्याची घरची भाषा असते, एवढाच काय तो फरक. मालिका-साहित्याने परमुलखातल्या मराठीला काय दिले, याचा विचार या अंगानेही व्हायला हवा.

येथेच मूळ उणिवेपाशी यावे लागते. अमेरिकी रसिकांची चक्रमुद्रित नियतकालिके आयोवा विद्यापीठासारख्या संस्थांच्या ग्रंथालयांत जतन झाली आहेत. त्या सामग्रीच्या आणि रसिकांच्या प्रत्यक्ष सहवासाच्या आधारे हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांनी १९९२ साली आपापले ग्रंथ लिहिले, आणि रसिक हा अर्थनिर्मितीतला भागीदार असतो, हे विद्यापीठीय जगाला मान्य करावे लागले. मराठी रसिकाची तुलना मात्र तोंडी राहिली. ती वाचनालयाच्या काउंटरवर, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत झाली आणि तिथेच विरली. हलक्या कागदावरची पुस्तके हाताळून हाताळून झिजली आणि रद्दीत गेली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना नोंदींची शिस्त लावली. पण रहस्यकथा आणि विज्ञानकाल्पनिका ज्या गल्लीबोळांतल्या खाजगी फिरत्या वाचनालयांतून वाचल्या गेल्या, ती या व्यवस्थेच्या बाहेर होती. ती बंद पडली, तेव्हा त्यांच्या वह्याही गेल्या. कोणत्या नायकाला मागणी होती, पुस्तक घरी कोण नेत असे, स्त्रिया काय वाचत होत्या, या प्रश्नांना आज अंदाजानेच उत्तरे द्यावी लागतात.

या अभावाचा परिणाम इतिहासलेखनावर झालेला आहे. पुरावा नाही म्हणून विचार नव्हता, असे गृहीत धरले गेले. आणि लाखमोलाची अभिरुची बाळगणारा वाचक ‘रंजनलोलुप’ या एका विशेषणात बंद झाला. हे दालन पूर्ण मिटलेले नाही. बालमासिकांतील वाचकांची पत्रे अजून चाळता येतात. जुन्या प्रतींवरील वाचनालयांचे शिक्के, परतीच्या तारखा आणि समासातील शेरे हीदेखील साधनेच आहेत. धनंजयाच्या आणि काळापहाडाच्या बाजूने हिरिरीने भांडलेले वाचक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम मात्र पुढच्या दशकावर टाकता येण्याजोगे नाही. ‘तुमचा आवडता नायक कोणता आणि का’ हा प्रश्न संशोधनाला पोरकट वाटेल. पण न्याय, साहस, प्रगती आणि परकेपणा यांविषयी एका पिढीने काय विचार केला, हे कळण्यासाठी त्या प्रश्नाइतका सरळ मार्ग दुसरा क्वचितच सापडेल.