नाट्यपदांचे पुनर्गायन

नाट्यपदांचे पुनर्गायन : एका गायकाच्या कंठातून रूढ झालेले पद दुसऱ्या गायकाने पुन्हा गाऊन त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढणे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हा प्रकार ‘कव्हर’ या नावाने ओळखला जातो. तेथे एखादा गायकवृंद दुसऱ्याचे गाजलेले गीत घेतो. ते काही काळ बेताचे खपते व बहुधा विस्मृतीत जाते. मराठी संगीत रंगभूमीच्या बाबतीत मात्र अनेक पदे पुनर्गायनामुळेच टिकून राहिली. याचे एक लक्षणीय उदाहरण रत्नागिरीशी निगडित आहे.

विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) यांची १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्यातच राहावे व राजकारणात भाग घेऊ नये, या अटी मुदतवाढ मिळत १९३७ पर्यंत कायम राहिल्या. या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी संन्यस्त खड्ग हे नाटक लिहिले व बळवंत संगीत मंडळीने ते १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. बुद्धकालीन शाक्यांच्या कथानकातून अहिंसेच्या मर्यादेचा वाद त्यात मांडलेला आहे. लेखकाला जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्यास सरकारी अनुमती लागे. त्याच्या पदांना ती लागली नाही.

या पदांना ग्वाल्हेर घराण्याचे गायक रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांनी चाली दिल्या. त्यांपैकी ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे पटदीप रागातील पद मंडळीचे प्रमुख गायक-नट दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) यांनी लोकप्रिय केले. चपळ ताना, अनपेक्षित स्वरझेपा व उंच, धारदार आवाज ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होत. नाट्यगृहात ‘वन्समोअर’ घेत पद हवे तितके वाढविता येई; मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर मात्र ते सुमारे तीन मिनिटांत आटोपावे लागे. त्यामुळे ध्वनिमुद्रिकेत आलेले पद हे रंगमंचावरील पदाचा संक्षेपच होय, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे. दीनानाथ स्वतःही पुनर्गायकच होते : मानापमान (१९११) या नाटकातील, मूळ गोविंदराव टेंबे यांच्या चालींची पदे त्यांनी आपल्या ढंगाने गायिली आणि पुष्कळ श्रोत्यांच्या मनात त्यांचाच ठसा कायम झाला.

हेच पद पुढे दीनानाथांच्या कन्या आशा भोसले यांनी ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या चित्रपटगीतांइतकी लोकप्रियता त्याला लाभली नसली, तरी नंतरच्या पिढ्यांतील बहुसंख्य श्रोत्यांना हे पद ठाऊक आहे ते याच आवाजात. वडिलांच्या गायनातील आक्रमकता येथे सौम्य झाली आहे. ध्वनिक्षेपकाजवळ गाणाऱ्या गायिकेला प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावयाचा नसतो. साहजिकच शब्द अधिक जवळचे वाटतात. चालीचा सांगाडा मात्र वझेबुवांचाच राहिला आहे. मूळ ध्वनिमुद्रिका ऐकल्यावाचून केवळ या गायनावरून दीनानाथांविषयी मत बनविणे चुकीचे ठरेल.

अशा ध्वनिमुद्रणास १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने पूर्वसूचना व स्वामित्वशुल्क यांच्या अटीवर वाट मोकळी ठेवली होती. ध्वनिफितींच्या काळात तिचा सर्रास वापर झाला. २०१२ च्या दुरुस्तीने ती अरुंद केली : मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षानंतर पाच वर्षे थांबणे, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क भरणे आणि वेष्टनावर पुनर्गायनाचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक झाले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, या नियमाने प्रस्तुत पदाची चाल २००६ च्या आरंभी सर्वांना खुली झाली. शब्दांवरील हक्काची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत आहे.