परतीची वाट राखलेला रेडिओ

टॉवरवर बसवलेला वायरलेस रेडिओ नवे फर्मवेअर चढवल्यानंतर सारखा बंद-चालू होऊ लागला की तो गेला असेच बहुतेक जण धरून चालतात. दिवे लागतात, काही सेकंद थांबतात, विझतात आणि पुन्हा पहिल्यापासून लागतात. हे चक्र तासन्तास चालते आणि शेवटी संच भंगारात जातो. पण पुन्हा पुन्हा सुरुवात करणारा संच मेलेला नसतो. त्याचा एक छोटा भाग शाबूत असतो, दर खेपेला तो आपले काम नीट करतो आणि पुढचे काम ज्याच्याकडे सोपवायचे तोच उभा राहत नाही म्हणून परत मागे येतो. असा रेडिओ सावरता येतो, आणि त्यामागे कारागिराच्या कसबाइतकाच बनवणाऱ्याचा एक जुना निर्णय असतो: परतीची वाट राखून ठेवण्याचा. ही वाट आपोआप तयार झालेली नाही. तिला इतिहास आहे, आणि मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरसारख्या मराठीभाषी भागाने तो इतिहास ओळखून ही वाट खरेदीच्या वेळीच मागून घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या भागाचे रेडिओशी असलेले नाते भूगोलाने ठरवले. ब्रिटिशकाळात छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग मानत: सातपुड्यावरचा बालाघाट आणि घाटाखालचा, नागपूरला लागून असलेला जेरघाट. सौसर तहसील या खालच्या भागात होती आणि पांढुर्णाही तेव्हा तिच्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. कारभार भोपाळचा आणि हिंदीचा झाला, पण संत्र्यांची बाजारपेठ आणि घरातली भाषा बदलली नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासून सुरू होते. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात, राज्याची हद्द त्यांना अडवत नाही. मात्र रेडिओ बाळगणे ही सरकारच्या मुठीतली गोष्ट होती. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय संच ठेवणे गुन्हा ठरवले होते, आणि घरगुती रेडिओचा परवाना पोस्टात फी भरून घ्यावा लागे. ही फी १९८० च्या दशकात रद्द झाली. या काळातला संच दुरुस्तीला मात्र मोकळा होता. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो हे दाखवणारा कागद अनेक संचांच्या पेटीतच चिकटवलेला असे. पाठ उघडली की बिघाड डोळ्यांना दिसे, हाताला लागे. दुरुस्तीची वाट बनवणाऱ्यानेच दाखवून ठेवलेली होती.

आजच्या वायरलेस रेडिओत तसे डोळ्यांना दिसण्यासारखे काही उरलेले नाही. त्याचे काम फ्लॅश मेमरीतल्या मजकुरावर चालते. वीज मिळताच प्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मेमरी आणि नेटवर्कचे पोर्ट तयार करतो, फर्मवेअरची प्रत तपासतो आणि सूत्रे तिच्या हाती देतो. फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले असेल, दुसऱ्या मॉडेलचे असेल किंवा जुनी सेटिंग नव्या आवृत्तीला पेलत नसेल, तर प्रणाली कोसळते आणि संच पुन्हा सुरू होतो. काही वेळा वॉचडॉग नावाचे घड्याळ ठरावीक वेळेत उत्तर न मिळाल्याने स्वतःच संच पुन्हा सुरू करते. शेतकरी खाण्याच्या धान्यातून बियाणे वेगळे काढून ठेवतो, तसा बूटलोडर मेमरीच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि नेहमीचे अपडेट त्याला सहसा हात लावत नाही. म्हणूनच पुढचे सगळे पीक बुडाले तरी नव्याने पेरता येते.

या राखीव कप्प्यातल्या बूटलोडरकडून बाहेरची प्रत भरून घेता यावी ही कल्पना वायफायपेक्षा जुनी आहे. स्वतःची डिस्क नसलेल्या संगणकांना नेटवर्कवरून प्रणाली पुरवण्यासाठी टीएफटीपी ही मुद्दाम लहान ठेवलेली पद्धत वापरली जाऊ लागली. १९८१ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. ती इतकी साधी होती की अगदी थोड्या मेमरीत मावे, आणि याच साधेपणामुळे पुढे ती राउटरच्या बूटलोडरमध्ये शिरली. दुसरा टप्पा २००३ चा. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले आढळले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की ते वाटणाऱ्याने मूळ कोडही द्यायचा. दबाव आल्यावर कंपनीने तो खुला केला आणि त्या पायावर २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्यातून सावरण्याचे ज्ञान कंपनीच्या भिंतींबाहेर आले. मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशा भागात आणि वापरणाऱ्याने केलेले बदल वेगळ्या थरात, अशी मांडणी त्यात रुळली. चूक वरच्या थरात असेल तर फेलसेफ अवस्थेत तो थर बाजूला ठेवून संच उभा करता येतो.

या ज्ञानातून एक खरी कारागिरी तयार झाली आहे आणि तिच्यात निदान उपचाराच्या आधी येते. संच सुरू होताना काही सेकंद पिंगला, म्हणजे संगणकाने पाठवलेल्या चाचणीच्या हाकेला, उत्तर देतो का, हे कारागीर पाहतो. त्या जुन्या लिंक्सिस राउटरवर उत्तरातला टीटीएल आकडा १०० आला तर बोलणारा बूटलोडर असे, ६४ आला तर लिनक्स तिथवर पोचले असे समजत. केवळ एका आकड्यावरून बिघाड कोणत्या पायरीवर आहे ते कळे. मग केबलने थेट जोडणी करायची, संगणकाला संचाच्याच मालिकेतला कायमचा नेटवर्क-पत्ता द्यायचा, रिसेट बटण दाबून धरूनच वीज द्यायची, आणि बूटलोडर ऐकू लागला की त्याच मॉडेलची जुनी, चाललेली प्रत पाठवायची. लिहिणे पुरे होईपर्यंत वीज तोडायची नाही. हेही जमले नाही तर सर्किट बोर्डवरच्या सीरियल टोकांना ३.३ व्होल्टची जोडणी करून बूटलोडरचे बोलणे अक्षरशः वाचता येते. पण काही गोष्टी कोणत्याही डाउनलोडने परत येत नाहीत. अनेक संचांत त्या विशिष्ट रेडिओचे कारखान्यात मोजलेले कॅलिब्रेशन आणि त्याचा हार्डवेअर पत्ता एका लहान कप्प्यात असतो. सरसकट सगळी मेमरी पुसणारा माणूस तो कप्पाही घालवून बसतो. जाणता माणूस आधी त्याची प्रत काढून ठेवतो.

भारतात हा प्रश्न खेड्यांपर्यंत पोचला तो परवान्याची अट गेल्यावर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे मोकळे झाले. मध्य प्रदेशात चंदेरीला २०१० मध्ये डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने विणकरांच्या वस्तीत वायरलेस जाळे उभारायला घेतले. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातली गावे रेडिओने जोडली आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळवला. सर्वांत बोलका पुरावा तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या जाळ्याचा. त्यावर काम करणाऱ्या बर्कलीच्या संशोधकांनी २००८ मध्ये लिहिले की बहुतेक बिघाडांच्या मुळाशी खराब वीज होती: अचानक वाढणारा दाब, अर्धवट घसरणारा दाब, त्यातून बिघडणारी मेमरी. रेडिओला दूरवरून नवे सॉफ्टवेअर पाठवताना तर अडचण दुप्पट होते, कारण तो पडला की दुरुस्तीला जायचा मार्गही त्याच्याबरोबर बंद होतो. म्हणून मेमरीत हात न लावायची एक प्रत ठेवावी आणि नवी आवृत्ती उभी राहिली नाही तर संचाने आपोआप जुन्यावर परतावे, अशी रचना लागते. घाटाखालच्या भागाला हे नेमके लागू पडते. या वायरलेस रेडिओंच्या लहरींना समोरासमोर मोकळी नजर लागते, त्यामुळे सिल्लेवानीसारख्या घाटापलीकडे संदेश न्यायचा तर उंचावर रेडिओ बसवावे लागतात. ज्या ठिकाणी पोचायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याच ठिकाणच्या संचाला स्वतःला सावरण्याची सोय सर्वांत जास्त हवी.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला शिस्तीचा: संच मोकळा ठेवला तर लोक ठरलेल्यापेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण करतील आणि इतरांच्या लहरी बिघडवतील. अमेरिकेत याच कारणाने २०१६ मध्ये टीपी-लिंकला दोन लाख डॉलर भरावे लागले. पण त्याच तडजोडीत तिथल्या नियामकाने, नियम पाळूनही बाहेरचे फर्मवेअर चालू देता येईल असे उपाय शोधण्याचे वचन कंपनीकडून घेतले. शक्तीची मर्यादा वेगळी बांधता येते, त्यासाठी परतीची वाट बुजवावी लागत नाही. कंपनीने स्वाक्षरी केलेली जुनी प्रत भरू देणे शिस्तीच्या आड मुळीच येत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: उघडी वाट चोरालाही उघडी. परंतु ही वाट दूरवरून वापरता येत नाही, संचाजवळ केबल आणि बटण लागते. उलट २०१८ मध्ये व्हीपीएन-फिल्टर या घुसखोर प्रोग्रामने जगभरातले सुमारे पाच लाख राउटर ग्रासले. त्याचा पहिला टप्पा साध्या रिस्टार्टने जात नव्हता, संच मूळ स्थितीला आणून नवे फर्मवेअर चढवावे लागले. सावरण्याची सोय हाच तिथे सुरक्षेचा उपाय ठरला. तिसरा आक्षेप पैशाचा: संच स्वस्त असतो, टाकून नवा घ्यावा. घरातल्या राउटरबद्दल हे कदाचित पटेल. टॉवरवरच्या रेडिओचा खर्च मात्र त्याच्या किमतीत मावत नाही. वर चढणे, अँटेना पुन्हा नेमकी साधणे, सेटिंग नव्याने करणे आणि तोवर पंचायत, शाळा, दवाखाना यांचे काम थांबणे, हा सगळा त्याचा खर्च आहे.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाले आणि सौसर त्याचा भाग झाले. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या, पंचायती आणि शाळा आता जी उपकरणे घेतील, ती पुढची कैक वर्षे त्यांना सांभाळावी लागतील. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने हे गट पुढे ठेवले. टॉवरवरचा रेडिओ स्वतंत्र गट म्हणून त्यात आला नाही. कायदा तिथवर येण्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या पेटीत जो कागद असे, त्याची जागा आज खरेदीच्या अटींनी घेतली पाहिजे: बूटलोडरमधून प्रत भरण्याची रीत लेखी द्या, जुन्या आवृत्त्या उपलब्ध ठेवा, फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवणारे संच द्या, सोबत विजेचे संरक्षण द्या, आणि दुरुस्ती शिकण्याची सोय इथल्याच मुलांना करून द्या. २००३ मध्ये लिंक्सिसने कोड खुला केला तो कोणीतरी परवान्याच्या अटीवर बोट ठेवले म्हणून. मागणी लेखी असली की ती मान्य होऊ शकते, हे त्या घटनेने सिद्ध केले आहे. ज्या टेंडरमध्ये ती मागणी नसेल, त्यातून येणारा रेडिओ पहिल्याच चुकलेल्या अपडेटला भंगार होईल आणि त्याची किंमत गावाला पुन्हा मोजावी लागेल.